मुलीला जिऑलॉजीला पाठवू का? थोडं लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगी बारावी सायन्सला आहे, मार्क चांगले आहेत, पण इंजिनिअरिंग नको, जिऑलॉजी नाहीतर जिओफिजिक्स करायचं म्हणते. तर या लोकांचं रोजचं आयुष्य नेमकं असतं कसं, पोट भरतं का, आणि मुलीला झेपेल का.

पोट भरतं. हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

मी भूकंपवाला. म्हणजे नातेवाईकांत माझी ओळख तीच. १९८५ च्या आसपास लागलो आणि चौतीस वर्षं भूकंपाच्या नोंदी ठेवण्यात गेली. लोकांना वाटतं भूकंपशास्त्रज्ञ म्हणजे भूकंप झाला की टीव्हीवर नकाशापुढे उभा राहून बोलणारा माणूस. तसं माझ्या वाट्याला चौतीस वर्षांत दोनदा आलं, आणि त्यातल्या एकदा शर्टाचं बटण तुटलेलं होतं. बाकीचे सगळे दिवस काय केलं ते सांगतो.

मी लागलो तेव्हा भूकंप नोंदवायच्या स्टेशनवरचं मशीन म्हणजे एक फिरता ड्रम. त्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, खाली रॉकेलची चिमणी धरून तो काजळीने काळा करायचा, आणि मग सुई त्या काजळीवर बारीक पांढरी रेघ ओढत चोवीस तास चालत राहायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कागद काढायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात बुडवायचा म्हणजे काजळी पुसत नाही, दोरीवर चिमटा लावून वाळत घालायचा, नवा कागद चढवायचा. रोज. रविवारी, दिवाळीत, ताप असताना, सगळ्यांच्या साखरपुड्याच्या दिवशी. माझ्या लग्नाच्या फोटोत अंतरपाट धरलेला आहे आणि माझ्या नखांत काजळी दिसतेय, हा फोटो बायको अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

आता त्या रेघेत बघायचं काय, तर आधी येते ती पी लाट, तिच्या मागून हळू येते ती एस लाट. दोन्हींमधला वेळ सेकंदांत मोजायचा आणि ढोबळमानाने आठाने गुणायचं, साधारण तेवढे किलोमीटर लांब भूकंप झाला. तीन स्टेशनांवरून असं काढलं की नकाशावर तीन वर्तुळं जिथे एकमेकांना भेटतील ती जागा. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो पण आतलं गणित तेच. यात खरी मेख घड्याळाची. पी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर पळते, त्यामुळे घड्याळात एका सेकंदाची चूक म्हणजे जागेत सहा किलोमीटरचा घोळ. म्हणून रोज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सिग्नल रेडिओवर लावायचा, खरखरीतून ती टिक टिक शोधायची आणि घड्याळ किती पुढे-मागे आहे ते वहीत लिहायचं. एकदा मी सलग चार दिवस ते लिहिलं नाही. लहान पोर आजारी होतं, कारण खरं होतं, पण नेमका त्याच चार दिवसांत एक चांगला धक्का येऊन गेला आणि आमच्या स्टेशनची नोंद लोकेशनसाठी वापरता आली नाही. कुणी ओरडलं नाही. साहेबांनी फक्त ती वही माझ्यापुढे उघडी ठेवली आणि चहा प्यायला निघून गेले. त्या चार कोऱ्या ओळी मला अजून दिसतात.

बायको एकदा म्हणाली होती, तुमची नोकरी म्हणजे काहीच न घडल्याचं लिहून ठेवायची. चिडून म्हणाली होती, पण या धंद्याची याच्यापेक्षा नेमकी व्याख्या मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

आणि जे घडतं त्यातलं बरंचसं भूकंप नसतंच. गाय कुंपणाच्या खांबाला अंग घासते, मशीनवर धक्का. शेजारी पिठाची गिरणी लागते. वाऱ्याने झाड हलतं, मुळं जमीन हलवतात. खाणीतला सुरुंग तर अगदी भूकंपासारखाच दिसतो, फक्त स्फोट जमिनीला सगळीकडे बाहेर ढकलतो त्यामुळे पहिला झटका सगळ्या स्टेशनांवर वरच्याच दिशेला, आणि दुसरी खूण म्हणजे सुरुंग साधारण ठरलेल्या वेळेला उडतात. माझा एक मित्र खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर होता, नारायणगावजवळ, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत ना तिथे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ती दुर्बीण जगात नावाजलेली, पण आम्ही दोघं भेटलो की विषय एकच, तुझ्याकडचा नॉइज जास्त की माझ्याकडचा. त्याला मोबाईल टॉवर आणि विजेच्या तारांतल्या ठिणग्या छळायच्या, मला गाई. तो अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल शोधायचा आणि मी कालचा, पण दोघांचाही निम्मा पगार कचरा बाजूला करण्याचाच.

कोयनेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण माझी निम्मी नोकरी त्या भागात गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ मॅग्निट्यूडचा (म्हणजे भूकंपाच्या ताकदीचा आकडा) भूकंप झाला, सगळं कोयनानगर झोपेत होतं. धरण १०३ मीटर उंच, १९६२ पासून त्यात पाणी साठायला लागलं आणि त्याच सुमारास आधी न जाणवलेले धक्के सुरू झाले. पाण्याच्या नुसत्या वजनाने जमीन फाटली असं लोक समजतात, तसं नाही. खालचे प्रस्तरभंग, म्हणजे खडकातल्या घसरू शकणाऱ्या मोठ्या भेगा, आधीच ताणलेले होते, पाणी खडकाच्या भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि जी गोष्ट केव्हातरी घसरणारच होती ती लवकर घसरते. म्हणून तिथले धक्के पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होतात, पावसाळ्यात तलाव भरल्यावर वाढतात. मॅग्निट्यूड ५ च्या वरचे वीसहून जास्त भूकंप तिथे झालेत आणि सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. जगातले लोक येतात ते यासाठी, कारण भूकंप कुठे होणार हे आधीपासून माहीत असलेली जागा सहसा मिळत नाही. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांचं सगळं आयुष्य या विषयात गेलं म्हटलं तरी चालेल. पुढे कराडला त्यासाठी प्रयोगशाळा झाली आणि २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं. वरचा सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा आपला काळा दगड, आणि मग थेट खालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक. मी रिटायरमेंटच्या दारात होतो, पण तो खडक हातात घेतला तेव्हा माझे पाय लटपटले हे खरं आहे, ज्याच्यावर तीस वर्षं अंदाज बांधले तो हा, आणि दिसायला अगदीच साधा.

तिथल्या माणसांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. स्टेशनशेजारी एक आजी राहायच्या. भांडी वाजली की मला हाक मारायच्या, "काय रं बाबा, तीनचा हुता का साडेतीनचा?" मी आत जाऊन कागद बघून सांगायचो, आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचा. सुरुवातीला मी त्यांना समजवायला जायचो की मॅग्निट्यूड वेगळं आणि जाणवलेला धक्का वेगळा, मग लक्षात आलं की त्या घरातल्या फडताळावरच्या पितळी डब्यांचा आवाज ऐकून हे सांगतात, म्हणजे त्यांचंही एक मशीन आहे आणि त्यात रॉकेल लागत नाही.

किल्लारीचं लिहायला मला अजून जड जातं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आम्ही छोटी मशीनं घेऊन पोचलो ते नंतरचे धक्के नोंदवायला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, म्हणजे आमच्या शास्त्राने त्या लोकांना एका अर्थाने निर्धास्त राहा असंच सांगितलं होतं. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगाच्या हिशोबात मध्यम. पण घरं माळवदाची, जाड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर लाकडं आणि त्यावर दीड-दोन फूट माती. भिंत उसवली आणि वरचं सगळं झोपलेल्यांवर आलं. मृतांचा आकडा कुठे आठ हजार कुठे दहा हजार असा वाचाल. त्या दिवसांत पाऊसही लागला होता.

आमचं काम काय, तर शांत जागा बघून मशीन लावायचं. कल्पना करा, सगळीकडे बुलडोझर, लष्कराचे ट्रक, चिता पेटलेल्या, आणि आपण विचारतोय की इथे शांत जागा कुठे मिळेल. मला स्वतःची लाज वाटली होती. एका शेतात लावलं तर तिथला माणूस येऊन बसला, घरातलं कोण राहिलं कोण गेलं काही बोलला नाही, बराच वेळ सुईकडे बघून म्हणाला, "मशीन बसवलंय म्हंजे आता हुणार न्हाई ना?" मी हो म्हणालो की नाही हे मला आठवत नाही. माझ्या बरोबरचा म्हणतो तू हो म्हणालास. शास्त्र म्हणून ते चूक होतं.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी मात्र सोडलं नाही. म्हणाले गेल्या वर्षी, ९२ च्या ऑक्टोबरपर्यंत इथे धक्के बसत होते, तेव्हा तुम्ही लोक कुठे होता? बरोबर होतं त्यांचं. छोटे धक्के बसले होते. पण असे धक्के बसून पुढे काहीच न होणारी गावंही खूप असतात, आणि हा पूर्वधक्का होता हे मोठा धक्का येऊन गेल्यावरच म्हणता येतं. हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे आणि त्या शिक्षकांसमोर उभं राहून देण्याच्या लायकीचं नाही. तुमच्या मुलीला हे आत्ताच सांगून ठेवा, की या लाइनमध्ये "पुन्हा कधी होणार" हा प्रश्न तिला लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आयुष्यभर विचारला जाईल, आणि खरं उत्तर आयुष्यभर एकच असेल की तारीख सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुढे तिथे बोअर मारलं तेव्हा बेसॉल्ट अवघं ३३८ मीटर निघालं, नकाशा २००२ मध्ये बदलला, तो सगळ्यात सुरक्षित झोनच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. हे सगळं आमच्या नोंदींवर झालं, फक्त क्रम उलटा होता.

आता एक जुनी गोष्ट, जी मी नवीन पोरांना ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगायचो. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून वेधशाळा होती, तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची रीडिंग घ्यायचे, डोळा लावून, हाताने लिहून. वर्षानुवर्षं तेच, सुई थोडी इकडे थोडी तिकडे. १ सप्टेंबर १८५९ ला तिकडे इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाच्या माणसाला सूर्यावर एक लखलखाट दिसला, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याला रीडिंग एकदम कोसळलं, सुमारे १६०० नॅनोटेस्ला (हे चुंबकत्व मोजायचं एकक). साध्या दिवसात हा आकडा काही दहांमध्ये हलतो, यावरून समजा. त्या वेळी तिथे बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल? मी असतो तर मशीन बिघडलं म्हणून ठोकून बघितलं असतं. तिथल्या माणसाने रीडिंग घेणं थांबवलं नाही, उलट वादळ चालू असताना नेहमीपेक्षा जास्त वेळा घेतलं. ते कागद दीडशे वर्षं जवळपास पडून होते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते पुन्हा बाहेर काढून पेपर लिहिला, आणि आज सॅटेलाइटवाले, विजेच्या ग्रिडवाले सगळ्यात वाईट सौरवादळ किती मोठं असू शकतं याचा हिशोब करतात त्यात कुलाब्याचा तो आकडा असतो.

याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रुळांतून वीज वाहायला लागली की आपली रीडिंग मेली. मग अलिबागला समुद्रकाठी नवी जागा, आत लोखंड येणार नाही असं बांधकाम, पोरबंदरचा दगड, आणि १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, का तर जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. ट्राम धावली १९०७ ला. मला या दोन वर्षांचं फार कौतुक आहे, सूर्यावरच्या वादळापेक्षाही जास्त. आपण साधा फोन बदलताना जुने नंबर नीट उतरवून घेत नाही.

मुलीला झेपेल का, हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता कारण त्याचा मला जरा राग आला होता, पण ठीक आहे, आईवडील विचारणारच. अदिती पंत, नागपूरच्या, पुण्यात शिकल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली तेव्हा त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, या दोघी भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या बायका. चाळीस वर्षं झाली त्याला. त्याच्याही आधीचं बघा, डेन्मार्कच्या इंगे लेहमान, १९३६ मध्ये त्यांनी न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी वाचून सांगितलं की पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा आहे. कॉम्प्युटर कुठला, बागेत टेबल टाकून ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत कार्डं लावून काम करायच्या. १०४ वर्षं जगल्या आणि गेल्या १९९३ ला, आमच्या किल्लारीच्याच वर्षी.

मेरी थार्पचं प्रकरण आणखी मजेशीर, म्हणजे आता मजेशीर. अमेरिकेत जहाजांवर बायकांना घेत नसत म्हणून पुरुष समुद्रावर जाऊन खोलीची मोजमापं आणायचे आणि ती ऑफिसात बसून नकाशा काढायची. १९५२ च्या सुमारास तिला दिसलं की अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेत सलग एक दरी आहे. तिच्या सहकाऱ्याने, हेझेनने, त्याला बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं. शेजारच्या टेबलावर दुसरा एक जण समुद्रातल्या भूकंपांच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडत होता, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर टिंबं बरोबर तिच्या दरीत पडली. आमच्या टिंबांनी तिची बाजू लावून धरली याचा मला भूकंपवाला म्हणून जरा अभिमान वाटतो.

पण सगळं गोड गोड सांगणार नाही. फील्डवर बायकांचा खरा त्रास डोंगराचा किंवा वाघाचा नसतो, संडासाचा असतो. पाळी आली असताना दिवसभर उघड्या माळावर मॅपिंग करायचं, बरोबर पाच पुरुष आणि एक ड्रायव्हर, आणि संध्याकाळी रेस्ट हाउसवर पोचावं तर पाणी नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या मुलींनी हे मला खूप उशिरा सांगितलं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आता दोघी-तिघींना एकत्र पाठवतात, बरंच सुधारलंय, पण कॉलेज निवडताना फील्डला मुली किती जातात आणि सोय काय असते हे थेट विचारा, लाजू नका.

घरच्यांचं म्हणाल तर ते बिल आम्ही भरत नाही, घरचे भरतात. माझी मोठी मुलगी जन्मली तेव्हा मी एका डोंगरावर बॅटरी बदलत होतो आणि तार दोन दिवसांनी पोचली.

नोकऱ्यांचं पटकन सांगतो. नुसत्या बीएस्सीवर फार काही नाही, एमएस्सी करावीच लागते, त्यासाठी आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची. पुण्यात, नागपुरात, मुंबई आयआयटीत चांगले विभाग आहेत. नंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, खाणी आहेत, बोगदे-धरणं-मेट्रोचं काम आहे. जागा निघतात पण दरवर्षी सारख्या निघत नाहीत, एक-दोन वर्षं थांबायची तयारी हवी. भूजलवाला माझा एक मित्र शेतात यंत्र लावून बोअरची जागा काढायचा आणि शेतकरी त्याच्यासमोरच तळहातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्यालाही बोलवायचा, दोघांची जागा जुळली तरच बोअर. तो आधी चिडायचा. नंतर पाणाड्याबरोबर बांधावर बसून भाकरी खायला लागला, म्हणतो त्या माणसाला गावातली प्रत्येक आटलेली विहीर पाठ होती.

आता तुम्ही एवढंच करा. पावसाळ्यात नको, दरडी येतात, दिवाळीनंतर मुलीला घेऊन कोयनानगरकडून कुंभार्ली घाटाने खाली चिपळूणला उतरा. समोरच्या डोंगरात आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतील, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, मधूनमधून तांबडा पट्टा दिसेल, म्हणजे एक लाव्हा थंड होऊन त्याची माती होईपर्यंत दुसरा आला नव्हता. सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि तिला थर मोजायला सांगा, तुम्ही गाडीत बसा, घाई करू नका. किती मोजले ते नक्की कळवा. मी तिथे अकरा वेळा मोजलेत आणि वहीत अकरा वेगवेगळे आकडे आहेत.